टेलिग्राम बॉट आणि वेबसाइट एकत्र चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न अशा लोकांचे आहेत ज्यांची वेबसाइट आधीच चालू आहे, क्लासची, मेसची, सोसायटीची, आणि आता त्याच माहितीवर टेलिग्राम बॉटही हवाय. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय: स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. मालक वेबवरच्या पॅनेलमधून सीट, फी, हजेरी बघतो आणि मुलं बॉटला विचारतात की माझी सीट कुठली, फी कधी संपते. वेबला फ्लास्क (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं साधन), बॉटला पायथन-टेलिग्राम-बॉट ही लायब्ररी धरलीय, पण जँगोवाल्यांना आणि नोडवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू आहे.

१. बॉट टेलिग्राममध्येच असतो ना? मग मला सर्व्हरवर वेगळं काय चालवायचंय?

टेलिग्रामकडे फक्त बॉटचं नाव, फोटो आणि टोकन (बॉटची गुप्त किल्ली) असतं, जे बॉटफादर हा टेलिग्रामचाच बॉट तुम्हाला देतो. उत्तरं देणारा प्रोग्राम तुमचाच, तुमच्याच मशीनवर. मुलाने मेसेज टाकला की तो टेलिग्रामच्या सर्व्हरवर थांबतो आणि तिथून तुमच्यापर्यंत यायला दोनच रस्ते आहेत: एकतर तुमचा प्रोग्राम सारखा विचारत राहतो "काही नवीन आलंय का" (हे पोलिंग, गेट-अपडेट्स नावाची मेथड), नाहीतर टेलिग्राम स्वतः तुमच्या एका यूआरएलवर मेसेज आणून टाकतो (हा वेबहूक). २०१५ मध्ये बॉट एपीआय आलं तेव्हापासून हे असंच आहे.

वेबसाइट पोर्ट उघडून बसते आणि लोक तिच्याकडे येतात. पोलिंगवाला बॉट उलटा, तोच बाहेर जातो, त्याला ना पोर्ट लागतो ना डोमेन. खालचे अर्धे प्रश्न या एका फरकामुळेच येतात.

२. एकाच फाइलमध्ये दोन्ही लिहिलंय. बॉट चालतो पण वेबसाइट उघडतच नाही, एररही नाही. का?

कारण बॉट सुरू करणारी ओळ (रन-पोलिंग) कधी परत येतच नाही, ती तिथेच मेसेजची वाट बघत बसते. तिच्या खाली लिहिलेलं ॲप-रन चालायची वेळच येत नाही. ओळी उलट्या केल्या तर वेबसाइट चालेल आणि बॉट गप्प बसेल. पायथन तुम्ही सांगितलं तेच करतंय म्हणून एरर नाही.

३. मग बॉट एका थ्रेडमध्ये (त्याच प्रोग्राममधल्या समांतर धाग्यात) टाकला तर झालं ना?

पहिलं सगळ्यांना हेच सुचतं आणि लॅपटॉपवर ते कसंबसं चालतंही. पण या लायब्ररीच्या २० नंबरच्या व्हर्जनपासून सगळं असिंक (एका इव्हेंट लूपवर आळीपाळीने चालणारं) झालंय, त्यामुळे बॉट दुसऱ्या थ्रेडमध्ये टाकला की दोनपैकी एक एरर हमखास येते: "देअर इज नो करंट इव्हेंट लूप इन थ्रेड" किंवा "सेट-वेकअप-एफडी ओन्ली वर्क्स इन मेन थ्रेड". दुसरी यायचं कारण असं की रन-पोलिंग बंद व्हायचे सिग्नल पकडायला बघतं आणि पायथनमध्ये ते फक्त मुख्य थ्रेडलाच जमतं. उलट करता येतं, बॉट मुख्य थ्रेडमध्ये आणि फ्लास्क बाजूच्या थ्रेडमध्ये, एररही जातात.

तरी मी हा सल्ला देत नाही. फ्लास्कचा स्वतःचा सर्व्हर डेव्हलपमेंटसाठी आहे, खऱ्या वापरात पुढे गनिकॉर्न हा वेब सर्व्हर येणार आणि तो आला की ही रचना मोडते (का ते प्रश्न ५ मध्ये). शिवाय वेबमध्ये बारीकसा बदल करून रीस्टार्ट केलं की बॉटही पडतो, आणि मेमरी भरून एक मेला की दुसराही मरतो.

४. फिरवून सांगू नका, नक्की कसं चालवू ते सांगा.

दोन प्रोसेस (वेगवेगळे चालणारे दोन प्रोग्राम), एक कोड, एक डेटाबेस.

फोल्डर एकच ठेवा. त्यात वेब.पीवाय फक्त पानं दाखवते, बॉट.पीवाय फक्त मेसेजला उत्तर देते, आणि खरं काम (सीट देणं, फी नोंदवणं, सीट सोडणं) तिसऱ्या फाइलमध्ये, समजा कामं.पीवाय, जिला ना फ्लास्क माहीत ना टेलिग्राम. सीट-द्या नावाचं फंक्शन विद्यार्थ्याचा आयडी, सीट नंबर आणि पाळी (शिफ्ट) घेतं, डेटाबेसमध्ये नोंद करतं आणि जमलं की नाही ते सांगतं, बस. पॅनेलचं बटणही तेच फंक्शन बोलावतं आणि बॉटचं बटणही तेच. उद्या मालक म्हणाला की फी थकलेल्याला सीट द्यायची नाही, तर ती अट एकाच ठिकाणी घालायची आणि दोन्हीकडे लागू. ज्यांनी हा नियम वेबमध्ये वेगळा आणि बॉटमध्ये वेगळा लिहिलाय त्यांच्याकडे काही दिवसांनी मुलांना शोध लागतोच की बॉटवरून फी न भरता सीट मिळते.

चालवायला लिनक्सवर सिस्टमडीची (प्रोग्राम चालू ठेवणारी यंत्रणा) दोन युनिट बनवा, एक वेबसाठी गनिकॉर्नची, एक बॉटसाठी साध्या पायथनची. दोन्हींना रीस्टार्ट=ऑलवेज आणि रीस्टार्ट-सेक=५ द्या. हे ५ सेकंद विसरू नका: न दिल्यास सिस्टमडी जवळजवळ लगेच पुन्हा सुरू करतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा पडलं की "आता नाही" म्हणून सोडून देतो. मग नेट दोन मिनिटं गेलं तेवढ्यात बॉट कायमचा झोपतो आणि तुम्ही म्हणता ऑलवेज लिहिलं होतं की. डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) असेल तर कम्पोज फाइलमध्ये एकाच इमेजच्या दोन सर्व्हिस, फक्त कमांड वेगळी.

५. लॉगमध्ये सारखं "४०९ कॉन्फ्लिक्ट" येतंय. बॉट कधी उत्तर देतो कधी नाही.

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. नियम असा की एका टोकनवर एका वेळी एकच जण गेट-अपडेट्स करू शकतो. दुसरा आला की टेलिग्राम पहिल्याची विनंती तोडतं, पहिला पुन्हा येतो, मग दुसरा तुटतो, आणि मेसेज त्या क्षणी जो जोडलेला असेल त्याच्याकडे जातो. म्हणून "कधी कधी" चालल्यासारखं वाटतं.

आधी एररचं पूर्ण वाक्य वाचा, कारण ४०९ दोन प्रकारचा आहे. त्यात "व्हाइल वेबहूक इज ॲक्टिव्ह" असेल तर तुम्ही कधीतरी वेबहूक लावला होता तो अजून आहे, डिलीट-वेबहूक एकदा चालवा, झालं. "टर्मिनेटेड बाय अदर गेट-अपडेट्स रिक्वेस्ट" असेल तर बॉटची दुसरी प्रत कुठेतरी चालू आहे आणि ती शोधावी लागेल. सहसा ती इथे सापडते:

लॅपटॉपवर टेस्ट करताना उघडी राहिलेली टर्मिनलची खिडकी, किंवा टीममधल्या दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप.

फ्लास्कचा डीबग मोड. त्यातला रीलोडर तुमची फाइल दोनदा चालवतो, एकदा पालक प्रोसेसमध्ये आणि एकदा पोरात, त्यामुळे ॲप-रनच्या वर बॉट सुरू केला असेल तर दोन बॉट. तपासायला यूज-रीलोडर=फॉल्स करून बघा.

गनिकॉर्नचे वर्कर. चार वर्कर म्हणजे चार वेगळ्या प्रोसेस, प्रत्येक जण तुमची वेबची फाइल इम्पोर्ट करतो आणि तिच्यात बॉट सुरू करायची ओळ असेल तर चार बॉट. प्रश्न ३ मध्ये म्हटलेली मोडतोड ती हीच.

नवीन डिप्लॉय. बऱ्याच होस्टिंगवर नवा कंटेनर उभा राहीपर्यंत जुना बंद करत नाहीत. वेबसाइटसाठी हे चांगलंच आहे, पण बॉटला तेवढा वेळ ४०९ येणार. एखाद-दोन मिनिटांत आपोआप थांबत असेल तर काही करू नका.

सगळं बघूनही सापडत नसेल तर बॉटफादरमध्ये जाऊन टोकन रिव्होक करा आणि नवं टोकन फक्त सर्व्हरवर टाका. जिथे कुठे दुसरी प्रत असेल तिथे ती आता आत येऊच शकत नाही.

६. पोलिंग ठेवू की वेबहूक?

अभ्यासिका, क्लास, मेस एवढ्या आकाराला पोलिंग. पोलिंग म्हणजे हळू असा गैरसमज आहे. लाँग पोलिंगमध्ये टेलिग्राम विनंती धरून ठेवतं आणि मेसेज आला की त्याच क्षणी देतं, समोरच्याला फरक कळत नाही. वेबहूक कधी? होस्टिंग फक्त वेब प्रोसेस देत असेल तेव्हा, किंवा ट्रॅफिक इतकं असेल की काम बऱ्याच वर्करमध्ये वाटायचंय. दोन्ही एकदम चालत नाहीत, वेबहूक लावला की पोलिंग बंद.

७. वेबहूक फ्लास्कमध्येच लावायचाय. काय काय लागेल?

एचटीटीपीएस हवंच. पोर्ट चारच चालतात: ४४३, ८०, ८८ आणि ८४४३. पुढे एनजिनएक्स (विनंत्या घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर) आणि लेट्स एनक्रिप्टचं सर्टिफिकेट लावलं की काम होतं, फक्त ते सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, तेव्हा रिन्यू आपोआप होतंय ना ते बघून ठेवा. ते संपलं की वेबसाइट उघडताना ब्राउझर ओरडतो, बॉट मात्र काही न बोलता थांबतो. अशा वेळी गेट-वेबहूक-इन्फो मागवा, त्यात शेवटची एरर काय होती ते टेलिग्राम सांगतं.

सेट-वेबहूक करताना सीक्रेट-टोकन द्या. मग टेलिग्राम प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये तेच पाठवतं आणि तुम्ही जुळवून बघायचं. नाहीतर तुमचा यूआरएल कळलेला कुणीही टेलिग्राम असल्याचं भासवून मेसेज घुसवू शकतो, आणि तुमच्या कोडला वाटेल की मालकानेच "सगळ्या सीट मोकळ्या कर" म्हटलंय.

आणि २०० ("पोचलं") हे उत्तर पटकन द्या. वीस सेकंदांची पीडीएफ पावती त्या रूटमध्येच (त्या यूआरएलला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) बनवत बसलात तर टेलिग्रामला वाटतं पोचलं नाही, ते तोच मेसेज पुन्हा पाठवतं आणि मुलाला दोन पावत्या. अपडेट आलं की टेबलात किंवा रेडिसच्या (मेमरीतला जलद डेटाबेस) रांगेत टाका, लगेच २०० द्या, काम मागून करा. प्रत्येक अपडेटला अपडेट-आयडी असतो, तो साठवून ठेवला की तेच पुन्हा आल्यावर ओळखता येतं.

८. फास्टएपीआय (फ्लास्कसारखंच दुसरं साधन) आधीच असिंक आहे, मग तिथे तरी एकाच प्रोसेसमध्ये चालेल ना?

हो, आणि नीट चालतं. लाइफस्पॅनमध्ये (ॲप सुरू आणि बंद होताना चालणारा भाग) बॉटचं इनिशियलाइझ आणि स्टार्ट करायचं, पोलिंग असेल तर अपडेटरचं स्टार्ट-पोलिंग, आणि बंद होताना उलट्या क्रमाने सगळं थांबवायचं. रन-पोलिंग इथे वापरायचं नाही, ते स्वतःचा लूप चालवायला जातं आणि लूप तर आधीच चालू असतो. अट एकच: पोलिंग असेल तर युव्हिकॉर्नचा (फास्टएपीआय चालवणारा सर्व्हर) वर्कर एकच, नाहीतर प्रश्न ५.

वेबहूक असेल तर वर्कर जास्त चालतात, पण एक खाच आहे. "नाव सांगा, मग पाळी सांगा, मग सीट निवडा" असं संभाषण असेल आणि ते कुठपर्यंत आलंय हे मेमरीत ठेवलं असेल, तर नाव एका वर्करकडे जातं आणि पाळी दुसऱ्याकडे, आणि दुसरा म्हणतो तुम्ही कोण. संभाषणाची स्थिती डेटाबेसमध्ये किंवा रेडिसमध्ये ठेवा.

९. घरी लॅपटॉपवर टेस्ट कशी करू? लाइव्ह बॉट बंद करावा लागेल का?

अजिबात नाही. बॉटफादरकडून टेस्टसाठी दुसरा बॉट घ्या, फुकट आहे. त्याचं टोकन लॅपटॉपच्या एन्व्ह फाइलमध्ये (गुप्त सेटिंग्जची फाइल) आणि खरं टोकन फक्त सर्व्हरवर. वेबहूकच तपासायचा असेल तर एनग्रॉक किंवा क्लाउडफ्लेअरचं टनेल लावून तात्पुरता एचटीटीपीएस पत्ता मिळतो.

१०. पॅनेलवर मालकाने "फी मिळाली" दाबलं की मुलाला टेलिग्रामवर मेसेज जायला हवा. पण बॉट तर दुसऱ्या प्रोसेसमध्ये आहे, त्याला कसं सांगू?

सांगायची गरजच नाही. एका वेळी एकच हा नियम फक्त मेसेज घेण्याला आहे, पाठवायला नाही. सेंड-मेसेज ही साधी एचटीटीपी विनंती आहे, ज्याच्याकडे टोकन आहे त्याने ती करावी, मग तो फ्लास्कचा रूट असो, क्रॉन (ठरलेल्या वेळी काम चालवणारा) असो की शेल स्क्रिप्ट. बॉट पोलिंग करत असताना वेबने त्याच टोकनवर मेसेज पाठवला तर काहीही बिघडत नाही. कितीतरी जण यासाठी प्रोसेसमध्ये सॉकेट नाहीतर फाइल वापरून निरोप पोचवायची भानगड करून बसतात.

एक लक्षात असू द्या, बॉट आपणहून अनोळखी माणसाला मेसेज पाठवू शकत नाही. मुलाने एकदा तरी स्टार्ट दाबलेलं असलं पाहिजे.

११. "उद्या अभ्यासिका बंद" ही नोटीस सगळ्यांना एकदम पाठवली तर निम्म्यांना गेली आणि पान अडकलं. परत दाबलं तर पहिल्यांना दोनदा गेली.

इथे दोन मर्यादा एकमेकींवर येतात. टेलिग्राम साधारण सेकंदाला ३० मेसेजपर्यंत पाठवू देतं, एकाच चॅटला सेकंदाला एकाच्या आसपास आणि एका ग्रुपला मिनिटाला २०. त्यापुढे ४२९ येतो आणि त्यात रीट्राय-आफ्टरमध्ये किती सेकंद थांबायचं तेही असतं. दुसरीकडे गनिकॉर्न नेहमीच्या सेटिंगला ३० सेकंदांत उत्तर न देणारा वर्कर मारून टाकतो. शेकडो मुलांना एकेक करून पाठवणारा लूप रूटमध्ये लिहिला की तो मधेच मरणार, आणि कुणाला गेलं कुणाला नाही याची नोंद कुठेच नसते.

म्हणून पाठवायच्या मेसेजचं एक टेबल करा: कुणाला, काय, स्थिती. पॅनेलचं बटण फक्त त्या टेबलात ओळी भरतं आणि लगेच "रांगेत टाकलं" म्हणतं. बॉटच्या प्रोसेसमध्ये एक छोटं काम ते टेबल बघत राहतं, दमाने पाठवतं आणि प्रत्येक ओळीवर "गेला" लिहितं. मधेच वीज गेली तरी उरलेले तिथूनच पुढे. ४०३ आला तर त्या मुलाने बॉट ब्लॉक केलाय, तशी खूण करून सोडून द्या.

१२. "डेटाबेस इज लॉक्ड" ही एरर. एसक्यूलाइट सोडावंच लागेल का?

लगेच नाही. एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलमधला डेटाबेस) एका वेळी एकच जण लिहू शकतो, आता वेब आणि बॉट दोघं लिहितायत म्हणून टक्कर. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) चालू करा म्हणजे वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवत नाहीत, आणि थांबायची वेळ वाढवा, पायथनमध्ये ती ५ सेकंद असते, २० करा. पण बहुतेकांचं खरं दुखणं वेगळंच निघतं: ट्रान्झॅक्शन उघडायचं, नोंद करायची, मग टेलिग्रामला मेसेज पाठवायचा आणि त्यानंतर कमिट (नोंद पक्की). टेलिग्रामला तीन सेकंद लागले तर तीन सेकंद सगळा डेटाबेस अडकला. आधी कमिट, मग मेसेज.

डेटाबेसची फाइल नेटवर्कवरच्या डिस्कवर असेल तर वॉल चालत नाही. आणि वेब एका मशीनवर, बॉट दुसऱ्यावर जाणार असेल तर वेळ न घालवता पोस्टग्रेस हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस.

१३. एकाने बॉटवरून आणि एकाने वेबवरून त्याच क्षणी एकच सीट घेतली. दोघांनाही "कन्फर्म" गेलं.

"सीट मोकळी आहे का बघ, असेल तर दे" असं लिहिलंय म्हणून. दोघांनीही बघितलं तेव्हा ती मोकळीच होती. पायथनमधलं लॉक इथे उपयोगाचं नाही, कारण ते एका प्रोसेसपुरतं असतं आणि तुमच्याकडे किमान दोन आहेत. हे काम डेटाबेसला द्या: सीट, तारीख आणि पाळी या तिन्हींवर मिळून युनिक ठेवा, न बघता सरळ नोंद टाका आणि इंटेग्रिटी एरर आली तर सांगा "ही सीट आत्ताच गेली, दुसरी निवडा". सहा महिन्यांची फी भरलेला मुलगा सकाळी येतो आणि आपल्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलेलं बघतो, तेव्हा भांडण मालकाच्या दारात होतं. ती युनिकची ओळ पहिल्या दिवशीच टाका.

१४. वेबसाइटवरचा विद्यार्थी आणि टेलिग्रामवरचा माणूस एकच आहे हे कसं ओळखायचं?

युजरनेमवरून नाही, ते कधीही बदलतं, कित्येकांना नसतंही. मोबाइल नंबर टाइप करायला लावूनही नाही, कुणीही मित्राचा नंबर टाकेल आणि त्याची फी बघेल.

सगळ्यात सोपी वाट: मुलगा वेबवर लॉगिन झालेला असताना त्याला "टेलिग्राम जोडा" बटण दाखवा. त्या लिंकमध्ये बॉटच्या नावापुढे स्टार्ट पॅरामीटरमध्ये एकदाच चालणारा, दहा मिनिटांत मरणारा कोड ठेवा. त्याने स्टार्ट दाबलं की तो कोड बॉटकडे येतो, बॉट टेबलात बघतो की कुणाचा आणि तिथे टेलिग्राम आयडी लिहून टाकतो. पॅरामीटर ६४ अक्षरांपर्यंत, त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि डॅश.

"नंबर शेअर करा" बटण वापरत असाल तर आलेल्या कॉन्टॅक्टमधला युजर आयडी आणि पाठवणाऱ्याचा आयडी एकच आहे ना ते तपासा, कारण दुसऱ्याचा कॉन्टॅक्टही पाठवता येतो. आणि आयडीचा कॉलम ६४ बिटचा ठेवा, ३२ बिटच्या साध्या इंटिजरमध्ये तो मावेलच असं नाही.

१५. बटणं इंग्रजीत चालतात, मराठी नावं टाकली की "बटन डेटा इनव्हॅलिड" येतं.

बटणावर दिसणारा मजकूर आणि त्यामागचा कॉलबॅक डेटा या दोन गोष्टी आहेत. कॉलबॅक डेटाला ६४ बाइट्सची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, काना-मात्रा-वेलांटी सगळे वेगळे मोजून. म्हणजे २१ चिन्हं झाली की संपलं, "सकाळची पाळी खिडकीजवळची सीट" एवढ्यातच ओलांडतं. दिसायला मराठीच ठेवा, मागे फक्त आयडी पाठवा, जसं सीट-४२.

१६. फुकटच्या होस्टिंगवर टाकलंय. थोडा वेळ चालतो आणि मग बॉट झोपतो.

फुकटच्या वेब प्लॅनवर बऱ्याच ठिकाणी असं असतं की काही वेळ बाहेरून विनंती आली नाही तर प्रोसेस झोपवतात. पोलिंगवाला बॉट कितीही कामात असला तरी त्याच्या विनंत्या बाहेर जाणाऱ्या असतात, त्यामुळे होस्टिंगच्या लेखी तो निष्क्रियच. इथे वेबहूक सोयीचा, मेसेज आला की तोच विनंती होऊन प्रोसेसला उठवतो, पहिलं उत्तर जरा उशिरा येतं एवढंच.

नुसता बॉट वेब सर्व्हिस म्हणून टाकला तर "पोर्ट सापडला नाही" म्हणून डिप्लॉय फेल होतो, त्याला वर्कर प्रकार निवडावा लागतो. हेरोकूवर फुकट चालेल असं सांगणारे जुने व्हिडिओ अजून फिरतायत, तिथले फुकट डायनो (प्रोग्राम चालवायचे कंटेनर) २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाले. आणि अशा ठिकाणची डिस्क बहुतेकदा तात्पुरती असते, पुढच्या डिप्लॉयला एसक्यूलाइटची फाइल गायब, सगळ्या सीटसकट. खऱ्या लोकांच्या फीची नोंद असेल तर छोटा व्हीपीएस (भाड्याचा स्वतःचा सर्व्हर) घ्या.

१७. बॉट रीस्टार्ट केला तर मधले मेसेज जातात का?

नाही, टेलिग्राम २४ तासांपर्यंत धरून ठेवतं आणि बॉट उठला की एकामागून एक देतं. जुने नकोच असतील तर ड्रॉप-पेंडिंग-अपडेट्स आहे, पण विचार करून वापरा, त्यात कुणीतरी "सीट सोडतोय" लिहिलेलं असू शकतं. मेमरीत ठेवलेली अर्धवट संभाषणं मात्र जातात (प्रश्न ८ बघा). डॉकर बंद करताना १० सेकंद वाट बघून मग जबरदस्तीने मारतो, तेवढ्यात हातातलं काम संपेल असं बघा.

१८. रात्री ९ ची आठवण पहाटे अडीचला जातेय.

सर्व्हर यूटीसीवर आहे. त्याचे २१ वाजले की आपल्याकडे २:३० झालेले असतात. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच ठेवा, वेळापत्रक लावताना आणि दाखवताना एशिया/कोलकाता झोन वापरा, नुसते साडेपाच तास हाताने मिळवत बसू नका. आठवण चार वेळा जात असेल तर शेड्युलर गनिकॉर्नच्या प्रत्येक वर्करमध्ये सुरू होतोय, तो तिथून काढून बॉटच्या प्रोसेसमध्ये न्या.

१९. टोकन चुकून गिटहबवर गेलं. कमिट डिलीट केली, बास ना?

नाही. लगेच बॉटफादरमध्ये रिव्होक करा, बाकी सगळं नंतर. सार्वजनिक कोडमधली टोकन शोधणारे प्रोग्राम सतत फिरत असतात. नवं टोकन एन्व्ह फाइलमध्ये, परवानगी ६०० (फक्त फाइलच्या मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी), आणि दोन्ही सिस्टमडी युनिटना तीच फाइल.

अजून एक गळती फार कमी जणांना दिसते: टेलिग्रामच्या एपीआयमध्ये टोकन यूआरएलमध्येच असतं, आणि लॉगिंग इन्फो लेव्हलला ठेवलं की एचटीटीपीएक्स ही लायब्ररी प्रत्येक विनंतीचा पूर्ण यूआरएल लॉगमध्ये छापते. मदत मागताना तोच लॉग चिकटवला की टोकन गेलं. एचटीटीपीएक्सच्या लॉगरची लेव्हल वॉर्निंग करा.

२०. ग्रुपमध्ये बॉटला मेसेज दिसतच नाहीत. आणि एके दिवशी ग्रुपला नोटीस जाणंच बंद झालं.

पहिल्याचं कारण प्रायव्हसी मोड, तो आधीपासून चालू असतो, त्यात बॉटला कमांड आणि त्याच्याच मेसेजला दिलेली उत्तरं असं मोजकंच दिसतं. बॉटफादरमधून बंद करा आणि बॉट ग्रुपमधून काढून परत घ्या. दुसऱ्याचं कारण बहुधा ग्रुपचा सुपरग्रुप झाला, तेव्हा चॅट आयडी बदलतो. नवा आयडी एररमध्येच मायग्रेट-टू-चॅट-आयडी म्हणून येतो, तो वाचून डेटाबेस सुधारा.

२१. डिस्कॉर्ड किंवा व्हॉट्सॲपला हेच सगळं लागू आहे का?

दोन प्रोसेस, एक डेटाबेस हे तसंच. डिस्कॉर्डचा बॉट वेबसॉकेटवर जोडलेला राहतो, त्यामुळे तो पोलिंगसारखा वेगळ्या प्रोसेसमध्येच शोभतो, आणि स्लॅश कमांडला ३ सेकंदांत पहिलं उत्तर द्यावं लागतं, काम मोठं असेल तर आधी डिफर करा (उत्तर नंतर देतो असं कळवा). व्हॉट्सॲपच्या क्लाउड एपीआयमध्ये मेसेज घ्यायला पोलिंग नाहीच, वेबहूकच, म्हणजे तो भाग तुमच्या वेब ॲपमध्ये येणार आणि प्रश्न ७ मधलं पटकन २०० देणं तिथेही लागू. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास उलटले की फक्त मंजूर टेम्प्लेटच पाठवता येतात, तेव्हा फीच्या आठवणीचं टेम्प्लेट आधीच मंजूर करून ठेवा.

२२. बॉट बंद पडलाय हे मला मुलांचे फोन आल्यावर कळतं. आधी कसं कळेल?

सिस्टमडी "ॲक्टिव्ह" म्हणतोय यावर जाऊ नका, प्रोसेस जिवंत असून आत अडकलेली असू शकते. बॉटला दर मिनिटाला डेटाबेसमध्ये एका ओळीत आत्ताची वेळ लिहायला लावा, पण त्याआधी गेट-मी (बॉटची स्वतःची माहिती मागणारी मेथड) बोलवा म्हणजे टेलिग्रामपर्यंत रस्ता आहे हेही तपासलं जातं. मग वेबमध्ये हेल्थ नावाचं एक साधं पान करा: ती वेळ पाच मिनिटांपेक्षा जुनी असेल तर ५०३ द्यायचं, नाहीतर २००. कुठल्याही फुकटच्या अपटाइम मॉनिटरला त्या पानाचा पत्ता द्या. वेब पडली तरी त्याला कळेल, बॉट पडला तरी कळेल. इशारा मात्र ईमेलवर किंवा एसएमएसवर घ्या, त्याच बॉटवर नको.